सहावीतल्या मुलाचं रोज सकाळी पोट दुखतं. शाळा बदलावी का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. उत्तर जरा लांबेल, सवडीनं वाचा.

इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. बेळगावजवळच्या गावातली संस्थेची मराठी शाळा. काही वर्षांपूर्वी त्याच आवारात इंग्रजी विभाग सुरू झाला. तुमचा मुलगा मराठी सहावीत आहे, धाकटी इंग्रजी दुसरीत. शाळा सुरू झाल्यापासून मुलगा रोज सकाळी ‘आई, पोटात दुखायलंय’ म्हणतो आणि रविवारी ठणठणीत असतो. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, काही नाही म्हणाले. त्याचे बाबा म्हणतात दोन फटके दिले की दुखणं पळेल. सासरे म्हणतात कन्नड शाळेत घाला, पुढं नोकरीला बरं पडेल. तुम्ही विचारताय, शहरातल्या इंग्रजी शाळेत बदली करू का आणि तोवर ट्यूशन लावू का.

माझं मत आधीच सांगून टाकते. वर्षाच्या मध्यात शाळा बदलू नका. फटके तर अजिबात नकोत. ट्यूशनचं शेवटी बोलू. मात्र शाळेत कुणी त्याला मारत असेल किंवा मुलं ठरवून छळत असतील, तर माझं हे मत तिथंच बाद समजा आणि आधी ते थांबवा.

मी बरीच वर्षं हायस्कूलला शिकवलं. आता बेळगाव आणि खानापूर भागातल्या शाळांत मुलांशी आणि पालकांशी बोलायचं काम करते. सकाळी दुखणारी पोटं पुष्कळ बघितलीत. मूल नाटक करतंय असं घरच्यांना वाटतं, पण बहुतेक वेळा ते दुखणं खरं असतं. भीती वाटली की पोटात कालवाकालव होते, मळमळतं, शौचाला घाई होते. मोठ्यांचंही परीक्षेला, इंटरव्ह्यूला हेच होतं. मुलाला ‘मला भीती वाटते’ हे म्हणता येत नाही, पोट दुखतंय हे म्हणता येतं.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मुलगा म्हणाला, ‘आम्ही काय, जुन्यातले.’ अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडी हे वाक्य आलं तेव्हा शाळेत काय बदललंय हे त्यानं तुम्हाला सांगितलंच. इमारत तीच, निम्मे शिक्षकही तेच. पण या आवारात आपण कोण लागतो, याचा हिशोब बदललाय.

हे कसं होतं ते एका शाळेत मी जवळून बघितलं. सकाळची प्रार्थना. पूर्वी या शाळेत पंचांग, सुविचार, ठळक बातम्या हे सगळं सहावी-सातवीची मुलं आळीपाळीनं वाचायची. माइक हातात यायचा तो दिवस मुलांच्या लक्षात राहायचा. इंग्रजी विभाग आला आणि माइक हळूहळू तिकडं गेला, कारण प्रार्थनेच्या वेळी गेटपाशी पालक उभे असतात आणि पोरं इंग्रजी बोलताना त्यांना दिसली पाहिजेत. इंग्रजीवाली पत्र्याच्या सावलीत आणि मराठीवाली उन्हात, कारण सावलीत जागा कमी आणि ती लहान आहेत. कॉम्प्युटरची खोली मराठीच्या तासाला बहुतेक बंद, कारण चावी ज्यांच्याकडं ते शिक्षक त्या वेळी दुसऱ्या विभागात. पाहुणे येणार असले की मैदान झाडायला सातवी मराठी आणि फुलं द्यायला इंग्रजीतल्या बूट-टायवाल्या मुली. प्रत्येक गोष्टीला सयुक्तिक कारण होतं. हेडमास्तर भला माणूस, कुणाला हिणवावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. पण मुलं कारणं मोजत नाहीत. माइक कुणाकडं, सावली कुणाला, झाडू कुणाच्या हातात, एवढंच त्यांना दिसतं. शाळेची संस्कृती म्हणतात ती मला तरी भिंतीवरच्या ध्येयवाक्यात कधी सापडली नाही, ती असल्या बारीकसारीक वाटणीत असते.

संस्थांनाही नुसती नावं ठेवू नयेत. १९९४ च्या भाषा धोरणानं कर्नाटकात पहिली ते चौथीला मातृभाषा किंवा कन्नड माध्यम सक्तीचं केलं होतं. त्यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले आणि मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला, की मुलाचं माध्यम निवडणं हा पालकांचा हक्क आहे. त्यानंतर इंग्रजी वर्ग उघडपणे काढायला वाट मोकळी झाली. इकडं मराठी वर्गांची पटसंख्या घसरत होती. अनुदानित शाळेत पटावर शिक्षकांची पदं अवलंबून असतात. पट गेला की पद धोक्यात येतं. अशा शिक्षकाच्या मनावरचा ताण वर्गात उतरतोच. जूनमध्ये घरोघर फिरून मुलं गोळा करणारा मास्तर नोव्हेंबरात चिडका का झाला, हे पोरांना कळत नाही. आपल्यावरच चिडलेत असं त्यांना वाटतं.

आता वयाचं बघा. तिसरीतलं पोर असल्या वाटणीकडं फारसं बघत नाही. दहा-बारा वर्षांचं झालं की ते स्वतःला दुसऱ्याच्या शेजारी उभं करून बघायला लागतं. कोण हुशार, कोण कुणाचा लाडका, आपला नंबर कुठं. नेमक्या याच वयात पायाखालचं मैदान हललं तर त्याचा परिणाम अभ्यासाच्या आधी पोटावर, झोपेवर आणि बोलण्यावर दिसतो. मार्क बरेच दिवस टिकतात. म्हणून ‘मार्क तर चांगले आहेत’ यावर समाधान मानू नका.

डॉक्टरांचं एक राहिलं. पोट दाबून बघितलं, ठीक आहे. पण बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा आणि तीन गोष्टी मुद्दाम विचारा: जंत, बद्धकोष्ठ आणि लघवीचं इन्फेक्शन. ही तिसरी गोष्ट शाळेशी थेट जोडलेली असते. इंग्रजी शिकवायचा उत्साह असलेल्या एका शाळेत नियम आला, की बाथरूमला जायचं तर इंग्रजीत विचारायचं. चौथीतली एक मुलगी ते वाक्य म्हणताना अडखळायची आणि वर्ग हसायचा. तिनं विचारणंच सोडलं. मग शाळेत पाणी पिणं सोडलं. बाटली भरून जायची, भरलेलीच परत यायची. घरी आली की दप्तर फेकून आधी मोरीत. दुपारपासून ओटीपोटात दुखायचं, आणि घरी सगळ्यांना वाटायचं हिला गणिताची भीती आहे. तुमच्या मुलाची पाण्याची बाटली संध्याकाळी उघडून बघा. त्यानं रोज किती पाणी पिलं आणि शाळेतल्या मुतारीत तो जातो का, ती स्वच्छ असते का, तिथं मोठी पोरं उभी असतात का, हे विचारा. पुष्कळ शाळांत छळ होतो तो वर्गात होत नाही, तिथं होतो.

तब्येतीचं एकदा मिटलं की पुढचे पंधरा दिवस एका वहीत नोंद ठेवा. कुठल्या वारी दुखलं, किती वाजता, आणि त्या दिवशीचं वेळापत्रक काय होतं. मला अशा नोंदीतून सरसकट ‘शाळेची भीती’ फार क्वचित सापडलीय. सापडतं ते नेमकं काहीतरी: आठवड्याच्या चाचणीचा वार, कन्नडचा पहिला तास, पीटीच्या तासाला संघ निवडताना शेवटपर्यंत उभं राहणं, किंवा बसमधला कुणीतरी. नेमकी जागा कळली की निम्मं ओझं उतरतं, कारण मग शिक्षकांशी बोलायला हातात काहीतरी असतं.

मुलाला ‘आज शाळेत काय झालं?’ असं विचारू नका, ‘काही नाही’ एवढंच उत्तर मिळतं. ‘डबा कुणाबरोबर खाल्लास? आज सर कुणावर ओरडले? बाकावर शेजारी कोण होतं?’ हे विचारा, तेही समोर बसवून नको. भांडी घासताना, शेंगा फोडताना, गाडीवर मागं बसलेला असताना मुलं बोलतात. डब्याच्या प्रश्नावर विशेष लक्ष ठेवा. डबा एकटा खाणारं मूल मला सगळ्यात आधी काळजीत टाकतं.

सकाळी त्याला घरी ठेवायचं की पाठवायचं? ताप, उलटी, जुलाब नसेल आणि शाळेत मारहाण नसेल, तर पाठवा. घरी थांबला की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळंच दुसऱ्या दिवशी गेटमधून आत जाणं आणखी अवघड होतं. चार-पाच दिवसांची सुट्टी महिन्यावर जायला वेळ लागत नाही. फारच कठीण गेलं तर बाईंशी बोलून काही दिवस दुपारपर्यंत पाठवा, पण रोजचं जाणं तुटू देऊ नका. ‘दुखतंय हे मला पटतंय, तरी आपण जायचं, मी गेटपर्यंत येते’ एवढं म्हणा. घरी राहिलाच तर टीव्ही आणि मोबाईल नको, शिक्षाही नको. नुसता कंटाळवाणा दिवस जाऊ दे. त्याच्या बाबांना सांगा, की फटका दिल्यानं त्याला सकाळी दोन ठिकाणची भीती वाटायला लागेल.

मग वर्गशिक्षिकेला भेटायचं. गेटवर गाठू नका, शाळा सुटल्यावर वेळ मागून जा, आणि शक्य तर दोघंही जा. आपल्याकडं आई एकटी गेली की ‘घरचं काहीतरी असेल’ म्हणून विषय उडवला जातो, हे मला आवडत नाही, पण होतं. तक्रारीनं सुरुवात करू नका. असं म्हणा: ‘बाई, त्याला काय येत नाही ते आम्हाला माहीत आहे. त्याला काय जमतं असं तुम्हाला दिसलंय?’ या प्रश्नावर बाई जरा थांबल्या, तर या वर्षी त्यांनी त्याच्याकडं नीट बघितलेलंच नाही असं समजा. हा त्यांचा दोष मानू नका, एका वर्गात किती पोरं आणि त्यात निम्मे तास अतिथी शिक्षकांचे. पण त्या दिवसापासून त्या बघायला लागतात. मग एकच मागणी करा: त्याला एखादं काम द्या. खो-खोचा गुणलेखक, लेझमीच्या पथकात पुढचा, बागेला पाणी, वाचनालयाची पुस्तकं, आठवड्यातून एकदा प्रार्थनेला माइक. काम असं हवं की तो आला नाही तर ते अडेल आणि कुणीतरी विचारेल, ‘अरे, तो कुठं गेला?’ शाळेत आपली वाट बघणारं कुणीतरी आहे एवढ्यावर मुलं पुष्कळ सोसतात.

आता जरा कडू बोलते, राग मानू नका. घरी पाहुणे आले की धाकटीला ‘राइम म्हणून दाखव’ म्हणता का? आणि मोठ्याला तेव्हा पाणी आणायला पाठवता का? बहुतेक घरांत हेच चालतं. शाळेतली सावली-उन्हाची वाटणी मग स्वयंपाकघरातही होते. एकाच आवारात भावंडं दोन माध्यमांत असली की हे जास्त टोचतं. एका शाळेत मी बघितलं, मधल्या सुट्टीत भाऊ बहिणीला लांबून हाक मारत होता आणि ती तोंड फिरवून पळाली. का, तर इंग्रजी विभागाच्या मुलांनी मैदानावर मराठी बोललं तर मॉनिटर नाव लिहून घेतो आणि दंड होतो. तिला भावाचा राग नव्हता, वहीत नाव येण्याची धास्ती होती. तुमच्या धाकटीच्या विभागात असा नियम आहे का, ते विचारा. असला तर पालकसभेत चार जणांनी मिळून बोला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे, आणि २९ व्या कलमात शिक्षण भीती, मानसिक आघात आणि चिंतेपासून मुक्त असावं असं म्हटलंय. कलम दाखवत भांडायला जाऊ नका. पण ते माहीत असलं की बोलताना आवाज कापत नाही. आणि धाकटी हसतखेळत दिसते म्हणून तिच्यावर काही ताण नाही असं धरून चालू नका.

सासऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. कन्नड आलं पाहिजे. बस, बँक, तहसीलदार कचेरी, पुढची नोकरी, सगळीकडं लागतं, आणि २०१५ च्या कायद्यानंतर राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत ते टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं आहे. पण भाषा येण्यासाठी सहावीतल्या मुलाचं माध्यमच बदलणं हा फार मोठा उपाय झाला. शेजारच्या कन्नड घरातल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळला तर वर्षभरात बोलायला लागेल. खानापूर भागात मी हे नेहमी बघते.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे आणि तो टाळून बोलणं खरं होणार नाही. १ नोव्हेंबरला शाळेत राज्योत्सवाचा, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिवसाचा, नाच असतो आणि त्याच दिवशी कित्येक मराठी घरांत हा मराठी भाग या राज्यात घातल्याच्या निषेधाचा काळा दिन पाळला जातो, १९५६ पासून. मोठ्यांचं जे काही मत असेल ते असू दे, मी त्यात पडत नाही. पण नाचात भाग घेतलेलं पोर घरी येऊन गप्प बसतं, आणि न घेतलेलं शाळेत कोपऱ्यात उभं राहतं. दोन्हीकडून त्याला वाटतं आपण कुणाचा तरी विश्वासघात केला. त्या आठवड्यात एकच करा. शिक्षकांबद्दल, कन्नड मुलांबद्दल त्याच्यासमोर वाईट बोलू नका, आणि त्यानं नाचायचं की नाही हे त्याला ठरवू द्या. तुमच्या वहीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुखणं वाढलेलं दिसलं तर यामुळंही असेल.

शाळेबाहेर त्याची काही जागा आहे का, हेही बघा. दिवाळीला गल्लीत किल्ला कोण करतं? शिवजयंतीच्या चित्ररथात त्याला कधी घेतलंय का? तालीम, भजनी मंडळ, गणपती मंडळाचं ढोल पथक, काहीही. शाळेत किंमत कमी झाली तरी संध्याकाळी चार पोरं ‘बुरूज कसा बांधायचा, सांग’ म्हणून विचारत असतील, तर मूल तगतं. म्हणून ‘अभ्यास होत नाही’ या कारणावर खेळ आणि मंडळ बंद करू नका. सगळ्यात पहिलं तेच बंद होतं, सगळ्या घरांत.

शाळा कधी बदलावी, हे मात्र परिस्थितीवर आहे. शिक्षकांना भेटून, काम देऊन, एक पूर्ण सत्र गेलं तरी वहीतल्या नोंदी तशाच राहिल्या. किंवा मारहाणीची तक्रार करूनही शाळेनं दाद दिली नाही. किंवा वर्गात एकही मित्र उरला नाही, सगळे दुसरीकडं गेले. तर एप्रिलमध्ये निकाल लागल्यावर बदला. आपल्याकडं शाळा मेअखेरीला सुरू होतात, मधे दीड महिना मिळतो, त्यात नवी शाळा त्याला आधी दाखवून आणता येते. तुमची शाळा सातवीपर्यंतच असेल तर आठवीला हायस्कूल बदलणारच आहे. मग आता एक आणि वर्षभरानं दुसरा असे दोन धक्के देण्यापेक्षा सातवी तिथंच पूर्ण करणं मला बरं वाटतं. शहरातल्या इंग्रजी शाळेत सातवीला अचानक गेलेलं मराठी माध्यमाचं मूल विज्ञान-गणितात पहिलं वर्ष नुसतं शब्द समजण्यात घालवतं, आणि तिथं ते ‘नवीन’ असतं. तरीही बदलायचं ठरलंच, तर ते तुमच्या मुलासमोर शिक्षा म्हणून किंवा सुटका म्हणून मांडू नका. त्याला घेऊन दोन शाळा बघा, वर्ग, मैदान, मुतारी सगळं बघा, आणि त्याचं मत विचारा. टीसीची, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याची, काळजी नको. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना टीसी उशिरा मिळाली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याच्याच पाचव्या कलमात आहे.

एवढ्यात यातलं काही दिसलं, तर वही बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टरांकडं जा: जेवण तुटलं, रात्र रात्र झोप नाही, बंद झालेलं अंथरूण ओलं होणं परत सुरू झालं, स्वतःला इजा करणं, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असलं बोलणं. हे बोलणं कधीही ‘असंच म्हणतोय’ म्हणून सोडू नका. बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था, डिमहान्स, आहे. १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. मारहाणीचा प्रश्न असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

राहिली ट्यूशन. दहावीची धास्ती आता पाचवी-सहावीपर्यंत उतरलीय. एसएसएलसीचे, म्हणजे इथल्या दहावीच्या परीक्षेचे, ६२५ मार्क सहावीतल्या पोराच्या डोक्यावर लादू नका. आता वर्षात एकाहून जास्त परीक्षांची सोय आहे, पूर्वीसारखं एका मार्चवर सगळं संपत नाही. त्याच्या नोंदीत कन्नडच्या तासाचा वार पुन्हा पुन्हा येत असेल, तर फक्त कन्नडसाठी लावा, तीही गावातल्या एखाद्या कन्नड शिकलेल्या ताईकडं, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, आणि सुरुवातीला धडे घेण्याऐवजी नुसतं बोलायला शिकवा म्हणून सांगा. इंग्रजीची ट्यूशन या वर्षी नको. सगळ्या विषयांची, रोज दोन तासांची तर नकोच, त्या वेळात त्याला मैदानावर जाऊ द्या. पंधरा दिवसांनी वहीत काय दिसलं ते इथंच लिहा, वारासकट.